दोन ॲप, दोन आकडे: दमा असलेल्या आईसाठी कोणता धरायचा?

चेंबूरची_लेक:
आई 71 वर्षांची, दमा जुना. डिसेंबर लागल्यापासून रात्री दोनदा तरी पंप घ्यावा लागतोय. समोरच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, खिडकीच्या गजांवर रोज धुळीचा थर. काल सरकारी ॲपवर एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, जितका जास्त तितकी हवा वाईट) 118 होता, ‘मध्यम’. भावाच्या फोनवरच्या परदेशी ॲपवर त्याच केंद्राचा आकडा 158, लाल रंगात. आई पहाटे साडेपाचला फिरायला जाते, तीस वर्षांचा नेम आहे. जाऊ द्यावं का? एअर प्युरिफायर घ्यावा का? भाऊ म्हणतो, थंडीचे दोन महिने तिला माझ्याकडे चंद्रपूरला ठेव. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा.

रसायनवाली:
ताई, दोन्ही ॲप बरोबर आहेत. हवा एकच, मोजायची पट्टी वेगळी. उलटा हिशोब केला तर 118 आणि 158 दोन्हींच्या मागे पीएम 2.5 साधारण 66 मायक्रोग्रॅम निघतं, दर घनमीटरला. पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण. केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन धरली, तर हे किती खोल फुप्फुसात उतरत असतील बघा. आपल्या पट्टीवर 60 मायक्रोग्रॅमला एक्यूआय 100 होतो, अमेरिकेच्या पट्टीवर तेवढ्यालाच दीडशे ओलांडतो. शिवाय आपला एक्यूआय 24 तासांच्या सरासरीवर निघतो आणि बरीच परदेशी ॲप ताज्या तासांवर भर देतात, त्यामुळे कधी फरक याहून मोठाही दिसेल. म्हणून रंग सोडा, जिथे मायक्रोग्रॅम दिसतात ते ॲप ठेवा.

आता सुरक्षित किती? आपलं 2009 पासूनचं मानक 24 तासांसाठी 60 आणि वर्षाच्या सरासरीला 40 आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हेच अनुक्रमे 15 आणि 5 वर आणलं, त्याआधी 25 आणि 10 होतं. अमेरिकेने 2024 मध्ये वार्षिक मर्यादा 12 वरून 9 केली. युरोपीय संघ 2030 पर्यंत 25 वरून 10 वर येणार आहे. संघटना फक्त तब्येत बघून आकडा देते. देश मात्र आपल्याला काय झेपेल तेही बघून कायदा करतात. त्यामुळे ‘मर्यादेत आहे’ याचा अर्थ ‘आईला चालेल’ असा धरू नका. अमुक पातळीखाली त्रास होतच नाही, अशी रेषा अजून कोणाला सापडलेली नाही. माझ्या वडिलांना दमा होता. 35 च्या वर गेलं की त्यांचं फिरणं घरातच व्हायचं. हा आमचा घरचा आकडा, तुमचा डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि पहाटेचा नेम तेवढा मोडा. हे सांगताना वाईट वाटतं, कारण पहाटेची हवा शुद्ध असं ऐकतच आपण सगळे वाढलो. पण थंडीत रात्री जमीन गार होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि रात्रभराचा धूर-धूळ खालीच कोंडते. ऊन तापून वारा सुटला की ती विरते. मुंबईत दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो, तेव्हा चार-साडेचारला न्या.

गुरुग्रामहून:
प्युरिफायर घ्या, पण फक्त आईच्या झोपायच्या खोलीपुरता. हेपा (अतिबारीक कण अडवणारा) फिल्टर हवाच. सीएडीआर नावाचा आकडा बघा, म्हणजे मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं ते: खोलीच्या घनमीटरांना पाचने गुणा. 12 बाय 10 ची खोली, उंची 10 फूट, म्हणजे 34 घनमीटर, म्हणजे ताशी 170 घनमीटर तरी लागतील. ओझोन सोडणारं मशीन दम्याला वाईट, ते नकोच. दुकानात विचाराल तेव्हा बदली फिल्टरची किंमत आधी विचारा, खरा खर्च तिथे आहे. आमचं मशीन पहिल्या वर्षी दार उघडं ठेवूनच चालायचं, काही उपयोग झाला नाही. दार लावल्यावर फरक पडला.

तुळशीकट्टा:
उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल आधी बंद करा. सासूबाईंच्या खोलीत छोटा मीटर ठेवला होता. सांजवातीला दोन उदबत्त्या लावल्या की आकडा रस्त्यापेक्षा वर जायचा. आता त्या फक्त समई लावतात, कॉइलऐवजी मच्छरदाणी. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराची खिडकी उघडी, पंखा चालू.

वर्धेकाठ:
मी चंद्रपूरचाच. भावाचं प्रेम समजतं, पण हवेसाठी इकडे आणू नका. 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, रस्त्यावर कोळशाचे ट्रक. गाव मुंबईहून लहान, म्हणून हवा चांगली असं अजिबात नाही. थंडीत तर आमचेच म्हातारे खोकत असतात.

पूर्वी_बीजिंग:
समोरच्या बांधकामाचं सोडू नका. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये नियम काढलेत: 70 मीटरहून उंच इमारतीभोवती 35 फुटी पत्रे, बांधकामाला कापडाचं आच्छादन, पाण्याची फवारणी. यातलं काय नाही त्याचे तारखेसह फोटो काढून वॉर्ड ऑफिसला सोसायटीच्या लेटरहेडवर द्या. मी बीजिंगमध्ये नोकरीला होतो. तिथली पीएम 2.5 ची वार्षिक सरासरी 2013 मध्ये 89.5 होती, 2021 मध्ये 33 झाली. कोळशाच्या भट्ट्या, गाड्या, बांधकामांची धूळ, सगळ्यांच्या मागे लागले तेव्हा झालं. संघटनेच्या 5 पासून तेही अजून लांबच आहेत, पण आकाश निळं झालेलं मी पाहिलंय.

रसायनवाली:
एक राहिलं. डॉक्टरांनी रोजचा प्रतिबंधक पंप दिला असेल तर बरं वाटलं म्हणून थांबवू नका. बाहेर जाताना एन95, नाकाशी घट्ट. ओढणीने हे कण अडत नाहीत. मास्कने दम लागला तर मात्र काढा आणि डॉक्टरांशी बोला.

चेंबूरची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. उदबत्ती आजपासून बंद, त्यावर आई थोडी हिरमुसली आहे. पहाटेचं फिरणं दुपारी साडेचारवर आणायला तयार झाली, मैत्रिणींनाही फोन करून वेळ बदलायला लावली. भावाला इथला चंद्रपूरचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो गप्प झाला. मशीन बघायला शनिवारी जातेय. फवारणीचा टँकर समोर गेल्या आठवड्यात एकदाही आलेला नाही, फोटो काढायला सुरुवात केली आहे.