मदत हवी आहे : फेरिटिन वाढते, त्याचा एमआरएनए मात्र वाढत नाही

रेणुसूत्र : पेशींना लोह दिल्यावर वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन मोजण्याची चाचणी) फेरिटिनचा, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाचा, पट्टा गडद येतो, पण क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजण्याची चाचणी) त्याच जनुकाचा एमआरएनए, म्हणजे ज्यावरून प्रथिन बनते ती प्रत, जागचा हलत नाही. प्राइमर (जनुक ओळखणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलले, आरएनए नव्याने काढला, तरी आकडे तेच. सोमवारी मार्गदर्शकांना निकाल दाखवायचा आहे. कृपया लवकर सांगावे.

सूक्ष्मदर्शी : पेशी कोणत्या, लोह कशाच्या रूपात आणि किती वेळ दिले, पट्टा फेरिटिनच्या जड साखळीचा की हलक्या (त्याचे दोन प्रकारचे उपघटक), यांतले काहीच आपण लिहिलेले नाही.

रेणुसूत्र : हेप-जी-२ (यकृताच्या पेशी), फेरिक अमोनियम सायट्रेट (लोहाचा क्षार), रात्रभर, जड साखळी. नेहमीचेच आहे, म्हणून लिहिले नव्हते.

जुना_जैवरसायनी : मग यात चूक नाहीच. लोह कमी असताना आयआरपी (लोहाचे नियमन करणारी) प्रथिने फेरिटिनच्या एमआरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला चिकटून बसतात आणि रायबोसोमला (प्रथिने बनवणारे यंत्र) त्यावर चढू देत नाहीत. लोह मिळाले की आयआरपी-१ लोह-गंधकाचा पुंजका धारण करून अकोनिटेज हे विकर बनते आणि एमआरएनए सोडते, आयआरपी-२ नष्ट केले जाते, आणि आधीपासून तयार असलेल्या एमआरएनएवरूनच २४ उपघटकांचे, सुमारे ४५०० लोह-अणू मावतील असे गोळे बनू लागतात. प्राइमरवर आणखी पैसे घालवू नका.

नेत्रा_पुणे : फेरिटिन वाढले म्हणून लोहाच्या गोळ्या लगेच बंद करू नयेत, कारण अंगात संसर्ग किंवा दाह असतानाही ते वाढते. सोबत सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातील लोहवाहक प्रथिन किती भरले आहे ते) तपासून घ्यावे.

सूक्ष्मदर्शी : ताई, हे बरोबर असले तरी येथे रुग्ण नाही, पेशींची बशी आहे. जैवरसायनी यांचे उत्तरही मला अर्धेच वाटते. लोह भरपूर असले की एनसीओए४ (फेरिटिनला विघटनासाठी नेणारे प्रथिन) नष्ट होते, त्यामुळे लायसोसोमकडे (पेशीतील विघटनाची जागा) जाणारे फेरिटिन घटते, आणि नुसत्या साठ्यानेही पट्टा गडद होऊ शकतो. वेस्टर्नवरून हा फरक कळत नाही.

जुना_जैवरसायनी : मान्य, पण एमआरएनए स्थिर का, हा प्रश्न होता. त्याच सीडीएनएवर (आरएनएवरून बनवलेला डीएनए) ट्रान्सफेरिन रिसेप्टर-१ चा, म्हणजे पेशीत लोह आत घेणाऱ्या प्रथिनाचा, एमआरएनए मोजावा. तेथे आयआरपी शेवटच्या टोकाला बसून एमआरएनएचे रक्षण करतात, म्हणून लोह दिल्यावर तो घटायला हवा. घटला, तर आरएनएही चांगला आहे आणि लोहही पेशीत पोहोचले आहे.

सूक्ष्मदर्शी : आणि तुलनेसाठी डेस्फेरिऑक्सामाइन (लोह बांधून काढून घेणारे औषध) दिलेला नमुना? तो ठेवला होता का?

रेणुसूत्र : नाही. रिसेप्टरचे प्राइमर शेजारच्या प्रयोगशाळेत आहेत, आजच मागतो.