प्रतिसाद: सारांश नको, आधी दावा

ताई, मुलगी इंग्रजीच्या निबंधात कवितेचा नुसता सारांश लिहिते आणि बाई 'विश्लेषण कुठे?' असा शेरा मारतात, हे वाचून हसू आलं. आमच्या बडोद्याच्या घरी, दांडिया बाजारात, मागच्या वर्षी हेच चाललं होतं.

भाच्याला अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टची, १९२३ साली छापलेली, बर्फाळ संध्याकाळची कविता होती. त्याचं पहिलं वाक्य: 'कवी जंगलापाशी थांबतो.' आता यावर कोण वाद घालणार? ज्यावर वाद होऊ शकत नाही, तो दावा कसला!

म्हटलं, पेन्सिल घे आणि यमकं जोड. पहिल्या तिन्ही कडव्यांत तिसरी ओळ यमकातून सुटते आणि पुढच्या कडव्याचं यमक तीच ठरवते. शेवटच्या कडव्यात मात्र चारही ओळी एकाच यमकात, आणि शेवटची ओळ तर दोनदा! म्हणजे पुढे न्यायला काही उरलंच नाही. त्या शेवटच्या ओळीत तोंडाने 'अजून लांब जायचंय' म्हणणारा माणूस यमकात तिथेच अडकलाय. पटो न पटो, हा दावा झाला.

वर कुणी कवीच्या चरित्रापासून सुरुवात करायला सांगितलंय. माझ्या मते साफ चूक, अर्धं पान त्यातच जातं. कवितेतले तीन-चार शब्दच अवतरणात घ्या, मग ते तिथे काय करतात यावर दोन-तीन वाक्यं. आणि हो, सगळं वर्तमानकाळात.

भाचा अजून शेवटी 'इन कन्क्लूजन' लिहितोच. ते भांडण चालू आहे.