सिल्व्हराडो: दुसरा गिअर पडताना जोरात दणका

प्रश्न: २००० सालची शेवरोले सिल्व्हराडो (पिकअप गाडी), फोर-एल-सिक्स्टी-ई मॉडेलचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तापली की पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला दणका बसतो. बंद करून परत चालू केली की थोडा वेळ सुरळीत. ऑइल लाल, पातळी बरोबर. गिअरबॉक्स उतरवावा लागेल का?

उत्तर १: बहुधा नाही. आधी स्कॅनर लावून पी-१८७० कोड (गिअरबॉक्समध्ये काहीतरी घसरतंय अशी बिघाडाची नोंद) आहे का बघा. टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या ऑइलच्या जोडाचा) क्लच, म्हणजे टीसीसी, घसरतोय असं दिसलं की गाडीचा संगणक ऑइलचा दाब कमाल करतो, म्हणून दणका. मूळ दोष बहुतेकदा व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब हवा तिकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात): टीसीसी रेग्युलेटर व्हॉल्व्हचं अ‍ॅल्युमिनियमचं भोक झिजून दाब गळतो. नुसता कोड पुसू नका, परत येणारच. भोक रीम करून (हत्याराने नीट मोठं करून) ओव्हरसाइझ, म्हणजे थोडा जाड, व्हॉल्व्ह बसवा. व्हॉल्व्ह बॉडी खालूनच निघते. आतले चेक बॉल (ऑइल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या छोट्या गोळ्या) निसटतात, त्यांच्या जागा आधी टिपून ठेवा.

प्रश्नकर्ता: आणि कोड नसेल तर?

उत्तर २: मग १-२ अ‍ॅक्युम्युलेटर उघडा. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जातानाचा धक्का शोषणारा भाग तो. पॅनच्या (गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या तबकाच्या) आत, तीन बोल्ट. पिस्टनला तडा, झिजलेलं पिनचं भोक किंवा तुटलेली स्प्रिंग सापडेल. फिल्टर नवा टाका, डेक्स्रॉन ६ गिअर ऑइल साधारण पावणेपाच लिटर. पॅनचे बोल्ट ११ न्यूटन-मीटरच. जास्त आवळलेत तर गॅस्केट दबून गळती होते.