मदत हवी आहे: माळ्यावरचे पॉसम कसे घालवायचे?

नमस्कार मंडळी, मेलबर्नमध्ये आमचं जुनं कौलारू घर आहे. माळ्यावर ब्रशटेल पॉसम (मांजराएवढा, झुपकेदार शेपटीचा, झाडांवर राहणारा निशाचर प्राणी) मुक्कामाला आलेत. अंधार पडला की डोक्यावर धावपळ, मधूनच घशातली घरघर. मुलगी दचकून उठते. बेडरूमच्या सिलिंगवर मुताचा पिवळट डाग पसरत चाललाय, वासही सुटलाय. पन्हळीच्या कोपऱ्यात एक कौल सरकलंय, त्याच्या कडेला करडे केस चिकटलेत. वाट तीच असणार.

आमच्या व्हिक्टोरिया राज्यात हा प्राणी १९७५ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. विष घालता येत नाही. पिंजऱ्यात धरला तरी त्याच दिवशी सूर्यास्ताला, आपल्याच आवारात ५० मीटरच्या आत सोडावा लागतो. लांब नेऊन सोडणं बेकायदा, आणि मला ते करायचंही नाही; परक्या हद्दीत बिचारे बहुतेकदा जगत नाहीत.

म्हणून रात्री ते बाहेर पडले की वाट बुजवायची आणि अंगणातल्या झाडावर त्यांच्यासाठी लाकडी पेटी टांगायची, असं ठरवतोय. पण आत पिल्लू राहिलं तर? ते कसं ओळखायचं? फक्त बाहेरच उघडणारी झडप कोणी बसवली आहे का? कौलाखाली कुठली जाळी टिकते? पूर्वेकडच्या उपनगरांत काम करणारा खात्रीचा, परवाना असलेला माणूस माहीत असेल तर कृपया कळवा.