पाय बधिर होतात म्हणून एपिड्यूरल नकोच?
ताई, सुनेचे पाय लाकडासारखे झाले, म्हणून आता लेकीला बाळंतपणात एपिड्यूरल (कळा शमवायला पाठीतून दिलेली भूल) नको, असं तुम्ही म्हणता. पण ते बहुधा तीव्र औषधामुळे. १९९५ साली कोलंब आणि लायन्स या भूलतज्ज्ञांनी एपिड्यूरलमधल्या ब्युपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाची किमान तीव्रता शोधली. एकीच्या कळा शमल्या तर पुढचीला थोडं सौम्य, नाही शमल्या तर थोडं तीव्र. आकडा आला ०.०६५ टक्के. मात्र एवढ्यानं निम्म्याच बायकांना आराम पडतो (हे कुणी सांगत नाही!). म्हणून हल्ली ०.१ टक्क्याच्या आसपास, सोबत थोडं फेंटॅनिल हे वेदनाशामक. पाय बऱ्यापैकी हलतात. इंदूरात दवाखाना ठरवताना रात्री भूलतज्ज्ञ असतो का, ते आधी विचारा. आणि पुढचा डोस कोण देणार, हेही.