पद्मिनीचा पत्रा कुजलाय, लांबी (पुट्टी) भरून चालेल की कापूनच काढायचा?

खाडीपलीकडचा
नमस्कार मंडळी, मी मालवण तालुक्यातला. गाडी मामांची, १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. मामा मुंबईला गेल्यापासून घरामागच्या शेडमध्ये उभी होती, समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. आता मामांनी ती मला दिलीय आणि जुनी गाडी स्वतः उभी करायची ही माझी पहिलीच वेळ. इंजिन फिरतंय, त्याचं बघता येईल, खरी काळजी पत्र्याची आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं की खालची जमीन दिसते, डाव्या दाराखालच्या सिलला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर सरळ आत जातो, डिकीच्या कोपऱ्यात भोक पडलंय आणि पुढच्या मडगार्डवर रंगाखाली फोड आलेत. गावातला डेंटर म्हणतो फायबर लावून वर लांबी भरतो, गणपतीच्या आधी चकाचक करून देतो. कुडाळचा एक जण म्हणतो कापल्याशिवाय इलाज नाही. मला गाडी विकायची नाहीये, ठेवायचीय. तर सुरुवात कुठून करू, पत्रा कुठला घेऊ, आणि गंजावर लावायचं ते केमिकल खरंच काम करतं का?

पत्राकाम_रत्नागिरी
आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, पद्मिनीला जीपसारखी खाली वेगळी चॅसिस नाही, मोनोकॉक बॉडी आहे, म्हणजे फ्लोअर, सिल, दाराचे खांब आणि टप हे सगळं मिळूनच गाडीचं वजन पेलतं. त्यामुळे सिलमध्ये फायबर आणि लांबी हा विषय डोक्यातून काढूनच टाका. बाहेरून गुळगुळीत दिसेल आणि आतून गाडी कमरेत वाकत जाईल, दारं लागेनाशी होतील, आणि खड्ड्यात आदळली तर काय होईल ते सांगायला नको. कुडाळवाला बरोबर सांगतोय.

लांबी वाईट नाही, पण ती चांगल्या पत्र्यावरचा लहानसा खोलगटपणा भरायला असते, भोक बुजवायला नाही. आधीच्या कुणी कुठे किती भरलीय ते बघायला साधा लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सगळ्या बॉडीवरून फिरवा, जिथे धरत नाही तिथे खाली जाड लांबी आहे. मग खिळ्याच्या टोकाने आणि छोट्या हातोडीने ठोकत जा, चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बदबद वाजतो. खडूने खुणा करा. दिसतं त्यापेक्षा गंज नेहमी जास्त असतो, म्हणून भोकाच्या कडेला नाही तर चकचकीत निरोगी पत्रा लागेपर्यंत मागे जाऊन कापायचं. पातळ कडेवर वेल्डिंग धरतच नाही, जळून भोक मोठं होत जातं.

सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत, पुढच्या आणि मधल्या खांबांच्या मध्ये, चौकोनी पाइप आडवे आणि तिरपे वेल्ड करून गाडी बांधून घ्या. दारांच्या फटी सगळीकडे सारख्या आहेत का ते मोजून लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू कापा, आणि त्या बाजूचा सिल आणि फ्लोअर दोन्ही एकदम उघडे टाकू नका. जॅकवर तर अजिबात काम करू नका, मजबूत स्टँडवर गाडी लेव्हलमध्ये बसवा. हे टाळलं तर नवीन सिल वाकड्या गाडीवर वेल्ड होतो आणि मग ती कायमची वाकडीच राहते.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे साधा बिनजस्ताचा) घ्या, फ्लोअरला १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, बाहेरच्या पॅनलला २० गेज, साधारण ०.९ मिमी. जीआय (जस्त चढवलेला) घेऊ नका, वेल्ड करताना त्यावरच्या जस्ताचा धूर होतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि वेल्डही नीट बसत नाही. वेल्डिंग मिगने करा, म्हणजे ज्यात वायर आपोआप पुढे सरकते आणि गॅस वेल्डला हवेपासून झाकतो, ०.८ मिमीची वायर. गॅस वेल्डिंगवाले जुने लोक हाताचे पक्के असतात पण मोठ्या सपाट पॅनलला त्याची उष्णता फार लागते आणि पत्रा लाटा मारतो. मिगनेही सलग रेघ ओढायची नाही, एक टाका इथे, दुसरा लांब तिथे, थंड होऊ द्यायचं, मग मधले भरत जायचं. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे दुपारी समुद्रावरून वारा सुटला की मिगचा गॅस उडून जातो, वेल्ड जाळीदार होतो, दिसायला भरलेला पण आतून पोकळ. सकाळी लवकर करा नाहीतर तिन्ही बाजूंनी आडोसा करा.

ग्राइंडर लावायच्या आधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी पाइपासकट काढून लांब ठेवा, आतलं मॅटिंग, नमदा, सीट सगळं बाहेर. पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवाच, जुनं अंडरकोटिंग पेट घेतं आणि आत धुमसत राहतं, म्हणून काम संपल्यावरही लगेच घरी जायचं नाही, तासभर बघत बसायचं.

काजूबाग
केमिकलबद्दल. फॉस्फोरिक किंवा टॅनिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर काम करतं, पण पत्र्यावर घट्ट बसलेल्या पातळ गंजावरच. खपल्या सुटत असतील तर वायर ब्रशने सगळ्या काढल्याशिवाय लावून उपयोग नाही, वरचा थर काळा होतो आणि खाली गंज चालूच राहतो.

आपल्याकडचा गंज नुसता पाण्याचा नाही, मिठाचा आहे. मीठ गंजाच्या बारीक खड्ड्यांत बसतं, हवेतला ओलावा ओढत राहतं, आणि वर कितीही भारी रंग मारा, परत फोड येतात. म्हणून कापायच्या आधी पूर्ण गाडी खालून, सिलच्या आतून, दारांच्या आतून गोड्या पाण्याने प्रेशर लावून धुवायची आणि कडक उन्हात दारं-डिकी उघडी टाकून वाळवायची. खाडीजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरू नका, पुन्हा तेच होईल. गाडी चालू झाल्यावरही मासळीच्या ट्रकमागून जाऊन आलात तर त्याच दिवशी खालून पाणी मारा, त्या बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर गळत असतं.

आणि डिकीत पाणी येतंय कुठून ते आधी शोधा हो. बहुतेक वेळा मागच्या काचेचा किंवा डिकीच्या दाराचा रबर सुकलेला असतो. तो बदलल्याशिवाय नवीन पत्रा लावणं म्हणजे पैसे पाण्यात. दारांच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती काडीने मोकळी करा, मातीने बुजली की दार खालून कुजतं.

आंबेवाला_देवगड
पत्र्याला जास्त खर्च नको असेल तर काम झाल्यावर खालून जळकं इंजिन ऑइल मारा, आमच्याकडे टेम्पोवाले पावसाआधी तेच करतात, गंज धरत नाही.

पत्राकाम_रत्नागिरी
टेम्पोला लोक मारतात हे खरं, पण मी नाही मारू देणार. जळक्या ऑइलने सस्पेन्शनचे रबर बुश फुगतात आणि सैल होतात, त्यावर धूळ बसून ओली चिखलाची पुटं होतात, पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली तर तिथे आग लागते, आणि पहिल्या पावसात ते सगळं धुऊन अंगणात आणि तिथून विहिरीत जातं.

त्याऐवजी क्रम असा ठेवा: उघडा पत्रा झाला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, कारण इथल्या हवेत रात्रीतून लाल पावडर येते. जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे वेल्डच्या आधी झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर. वेल्ड घासून झाले की परत इपॉक्सी, मग सगळ्या जोडांवर सीम सीलर (फटी बुजवणारी पेस्ट), खालून स्टोन-चिप कोटिंग (खडीचा मार झेलणारा जाड थर), आणि रंग पूर्ण झाल्यावर सिलच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (आतून गंज रोखणारं मेण), लांब नळीने. लांबी लागलीच तर ती इपॉक्सीवर, उघड्या पत्र्यावर नाही. आणि ती पाण्याच्या पेपरने घासू नका, लांबी पाणी पिते आणि ते खालीच अडकतं, कोरडीच घासा. टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचा) मारताना तोंडाला रुमाल बांधून चालत नाही, केमिकलचे फिल्टर असलेला मास्क घ्या.

कुर्ला_ते_कणकवली
पॅनल हवे असतील तर मुंबईच्या भंगार बाजारात शोधा. पद्मिनी कुर्ल्याच्याच कारखान्यात बनायची आणि पुढे टॅक्सी म्हणून इतकी वर्षं चालली की शेवटची रजिस्टर झालेली टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुदत संपून रस्त्यावरून गेली. दारं, डिकीचं झाकण, मडगार्ड मिळू शकतात, पण टॅक्सीचा पत्राही लांबी भरलेला असतो, चुंबक घेऊनच जा. सिल आणि फ्लोअर मात्र सरळ बेंडिंग मशीनवाल्याकडून वाकवून घ्या, जुना कापलेला तुकडा नमुना म्हणून जपा, फेकू नका.

आणि हो, पैसे घालायच्या आधी आरसी बघा. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि मामांच्या नावावरून तुमच्या नावावर करायचं ते वेगळं. चॅसिस नंबर ठोकलाय त्या जागेला ग्राइंडर लावू देऊ नका, नंबर पुसला तर आरटीओत मोठी भानगड होते.

खाडीपलीकडचा
खूप आभार सगळ्यांचे. फायबरवाल्याला नको म्हणून सांगितलं. आता मे उजाडलाय, पाऊस तोंडावर, तर कापाकापी आत्ताच सुरू करू का?

काजूबाग
नको. आत्ता धुऊन वाळवून घ्या, आतलं सामान काढा, खुणा करा, कागद पूर्ण करा. उघडा पत्रा घेऊन पावसाळ्यात बसू नका. शेडमध्ये गाडी विटांवर उचलून ठेवा, खाली जमिनीवर प्लास्टिक अंथरा म्हणजे ओल वर येणार नाही, पण गाडीवर मात्र ताडपत्री गुंडाळू नका, आतल्या आत घाम धरतो. कापायचं काम दिवाळीनंतर, रंग डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा हवा कोरडी असते. सिल कापायच्या आधी पाइप बांधलेले फोटो इथे टाका, बघून सांगतो.