नानांची चौकडी का टिकली नाही?

प्रश्न: १७८० ला नाना फडणवीसांनी इंग्रजांविरुद्ध म्हैसूरचा हैदर अली, हैदराबादचा निजाम, नागपूरकर भोसले सगळे एकत्र आणले, एवढी जबरदस्त फळी, मग १७८२ ला इंग्रजांशी सालबाईचा तह का करावा लागला?

— फुटली ना राव! इंग्रजांचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने निजामाला गुंटूर परत देऊन थंड केलं, भोसल्यांची फौज कटकलाच बसून राहिली, तिला पैसे दिले, बंगालवर कोणी गेलंच नाही. जीव तोडून लढला तो हैदर, कांचीपुरमजवळ पोल्लिलूरला इंग्रज कर्नल बेलीची अख्खी तुकडी पार उडवली त्याने.

— आणि आपल्या तहात हैदरने जिंकलेला अर्काटचा मुलूख सोडायचा असं कलम! हे वाचताना फार लागतं मला.

— म्हणूनच नानांनी मंजुरी लांबवली असणार, डिसेंबर १७८२ ला हैदर गेला आणि मगच तह पक्का झाला.